रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट सैल का होतात?

मृगाच्या तोंडावर आणि ऊस तुटून गेल्यावर आमच्या काउंटरवर एकच तक्रार येते: "परवाच नवी पाती टाकली, बोल्ट पाइप घालून आवळले, तरी दोन पाती रानात गळाली." बोल्टच हलका असेल, असं मग वाटतं. कधी तो तसा असतोही. पण परत आलेल्या बहुतेक बोल्टांवर दुसरंच कारण दिसतं, म्हणून हे माहितीपत्रक.

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे पातं फ्लॅंजवर (पाती बसवायच्या चकतीवर) दाबून बसतं आणि दाबामुळे ते जागचं हलत नाही. पातं मात्र दर फेऱ्याला जमिनीवर आपटतं, मुरमाड रानात तर दगडावरच. ताण कमी असेल, तर प्रत्येक आपटीला पातं केसभर आडवं सरकतं, आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि नट आपोआप उलटा फिरतो. अशी आडवी हालचालच नट सर्वांत लवकर सोडवते, हे जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं.

आता मुख्य चूक. नवी पाती बसवली, आवळली आणि थेट दिवसभर रान धरलं. मधे एकदाही पाना लावला नाही.

नव्या पात्यावर रंग असतो, फ्लॅंजवर जुनी माती आणि गंज. पहिल्या अर्ध्या-एक तासात आपटी बसून रंग चेपतो, माती निघून जाते आणि दोन लोखंडांमधली जागा कमी होते. जागा कमी झाली की बोल्टचा ताण उतरतो. सकाळी तुम्ही पक्का आवळलेला बोल्ट दुपारी सैल असतो, आणि नट तेव्हा अजून फिरलेलाही नसतो. पुढे पातं खेळायला लागतं आणि फ्लॅंजचं भोक लांबट होतं. एकदा भोक लांबलं की नवा बोल्टही टिकत नाही. फ्लॅंज भरून परत भोक पाडावं लागतं आणि ऐन वापशात मशीन वर्कशॉपमध्ये पडून राहतं.

म्हणून पाती बसवण्याआधी पात्याची आणि फ्लॅंजची बैठक तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा. पहिल्या तासानंतर थांबा. पीटीओ (रोटाव्हेटरला ताकद देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) बंद करा, ट्रॅक्टरची किल्ली काढा, रोटाव्हेटरखाली ठोकळा द्या आणि प्रत्येक नट आवळण्याच्या दिशेने तपासा. ४२ पात्यांच्या मशीनला ८४ बोल्ट, काम कंटाळवाणं आहे खरं. मग नट आणि फ्लॅंज दोन्हींवरून ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला. पुढच्या वेळी नुसत्या नजरेने कळेल.

पाइप घालू नका. डोक्यावर ८.८ (ताकदीची ग्रेड) लिहिलेला एम १२, म्हणजे १२ मिमी जाडीचा बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण ८० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) एवढा आवळतात. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. ३ फुटी पाइपावर माणूस लोंबकळला की हा आकडा कित्येक पटींनी ओलांडला जातो. बोल्ट कायमचा लांबतो आणि मग आवळूनही ताण धरत नाही. ओळखायचं कसं? नवा नट हाताने फिरवत न्या. आट्यांच्या मध्यावर अडला, तर बोल्ट ताणला गेलाय, तो भंगारात टाका. आट्यांना ग्रीस लावू नका. तेवढ्याच जोराला ताण जास्त चढतो आणि अंदाज चुकतो.

"स्प्रिंग वॉशर टाकलाय की!" हेही रोज ऐकतो. तो थोड्याशा ताणालाच सपाट होतो आणि पुढे साध्या वॉशरएवढंच काम करतो. म्हणून पात्यांसाठी आम्ही नायलॉन नट (आत नायलॉनची कडी असलेला) देतो. तो निघाला की नवाच लावा, कारण नायलॉनची पकड दर वेळी घटते. आटे चिकटवणारं लिक्विड गिअरबॉक्सच्या स्टडला चांगलं, पण आटे तेलमुक्त हवेत आणि ते सुकल्यावर परत आवळू नये, नाहीतर त्याची पकड सुटते. पात्यांचं पहिल्या तासाचं आवळणं ठरलेलंच, म्हणून तिथे आम्ही ते सुचवत नाही. आणि नट वेल्डिंग करून देणार नाही, कितीही आग्रह केला तरी. उष्णतेने कडक केलेल्या बोल्टची ताकद वेल्डिंगने जाते, पुढच्या वेळी गॅसने कापावं लागतं आणि फ्लॅंजही खराब होतो.

आमचा बोल्ट बाजारातल्या खुल्या बोल्टपेक्षा महाग पडतो, हे खरं. डोक्यावर ग्रेड कोरलेली नसलेला बोल्ट आम्ही पात्यांसाठी ठेवतच नाही, आणि नट त्याच ताकदीचा जोडून देतो. मऊ नटाचे आटे आधी जातात. येताना जुना बोल्ट सोबत आणा: एम १२ मध्ये १.७५ आणि १.२५ मिमी अंतराचे असे दोन्ही आटे चालतात, नजरेने फरक कळत नाही. आम्ही गेजवर मोजून देऊ. पूर्ण सेट घेणाऱ्यांना टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) एक दिवसासाठी अनामत ठेवून वापरायला मिळेल. हंगामात आदल्या दिवशी सांगून ठेवा.