स्क्रिप्ट अडकली, की नुसती रेंगाळली?

वेबपान वाचता वाचता मध्येच एक चौकट उगवते: पान प्रतिसाद देत नाही, थांबायचं की पान बंद करायचं? ही चौकट वरचेवर दिसायला लागली की 'व्हायरस शिरला' असं निदान लगेच होतं आणि कुणीतरी एखादा 'क्लीनर' किंवा 'बूस्टर' टाकायचा सल्ला देतं. व्हायरसचा इथे सहसा काही संबंध नसतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. एवढी कामं करणाऱ्या ब्राउझरला स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, अडकली आहे की नाही हे स्वतःला का कळत नाही? तो तुम्हाला का विचारतो? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याचा माग काढत गेलं की आपण थेट गणितात पोहोचतो.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करू. पहिली म्हणजे स्क्रिप्टमधली चूक. पानावर नसलेलं एखादं बटण स्क्रिप्ट शोधते, ते सापडत नाही, तरी त्याचा रंग विचारते. जावास्क्रिप्ट, म्हणजे या स्क्रिप्ट जिच्यात लिहितात ती भाषा, म्हणते, 'नल'चे (म्हणजे 'काहीच नाही'चे) गुणधर्म वाचता येत नाहीत, आणि ते काम तिथेच सोडून देते. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर अशा चुकांसाठी चौकटी दाखवायचा. आजचे ब्राउझर चूक गुपचूप कन्सोलमध्ये, म्हणजे एरवी लपलेल्या नोंदींच्या खिडकीत, लिहून ठेवतात, म्हणून आपल्याला फक्त परिणाम दिसतो: मेनू उघडत नाही, फॉर्म पुढे सरकत नाही. दुसरी तक्रार उलटी आहे. इथे स्क्रिप्ट थांबतच नाही.

न थांबणारी स्क्रिप्ट सगळं पान का गोठवते? ब्रेंडन आइकने १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा १० दिवसांत उभा केला. तेव्हा पानावरच्या स्क्रिप्ट म्हणजे चार-दोन ओळींची किरकोळ कामं. एका वेळी एकच काम, आणि हातात घेतलेलं काम संपल्याशिवाय पुढचं नाही, हा नियम त्या कामांना पुरेसा होता. नियम आजही तोच आहे. खिडकीवर एकच कारकून असावा, तसं हे चालतं. तुमचं क्लिक, टाइप केलेलं अक्षर, पान नव्याने रंगवण्याचं काम, सगळे त्याच्याचपुढे रांगेत उभे असतात. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर प्रत्येक वेळी जेमतेम १६.७ मिलिसेकंद हाताशी असतात. एखाद्या कामाने ३ सेकंद खाल्ले की तेवढा वेळ क्लिक केलेलं कुणी ऐकतच नाही. क्रोम २००८ मध्ये आला तो वेगवेगळ्या पानांसाठी वेगवेगळ्या प्रक्रिया (एकमेकींपासून अलग चालणारे प्रोग्रॅम) घेऊन, त्यामुळे एक पान गोठलं तरी बाकीची सहसा चालू राहतात. पण त्या एका पानापुरता कारकून एकच.

आता मूळ प्रश्न. हे काम कधीतरी संपेल का, हे आधीच ओळखता येईल? एक छोटी स्क्रिप्ट घेऊ. शून्याहून मोठी एक पूर्ण संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर ३ ने गुणून १ मिळवा. १ आला की थांबा. २६ पासून निघालात तर १० पायऱ्यांत १ येतो. आता २७ घ्या: ८२, ४१, १२४, ६२, ३१, ९४... आकडा चढत-उतरत थेट ९२३२ पर्यंत जातो आणि १११ पायऱ्यांनंतर १ वर येतो. स्क्रिप्ट तीच, तीन-चार ओळींची, फक्त सुरुवातीची संख्या एकाने वाढली. अशी कोणतीही संख्या घेतली तरी ही स्क्रिप्ट थांबतेच का, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्झच्या नावाने हा प्रश्न ओळखला जातो.

हा एक सुटा अवघड प्रश्न झाला. पण ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगच्या १९३६ च्या शोधनिबंधातून त्याहून जबरदस्त गोष्ट निघते: सगळ्या प्रोग्रॅमसाठी चालेल अशी पारख मुळात असूच शकत नाही. समजा, 'पारखी' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याला कोणताही प्रोग्रॅम आणि त्या प्रोग्रॅमला पुरवायची माहिती दिली, की 'थांबेल' किंवा 'थांबणार नाही' असं तो अचूक सांगतो. आता आपण 'उफराटा' लिहू. उफराटा हाती आलेला प्रोग्रॅम पारखीकडे नेतो आणि विचारतो, याला याचाच मजकूर पुरवला तर हा थांबेल का? पारखी 'थांबेल' म्हणाला की उफराटा मुद्दाम कायमचा फिरत बसतो. 'थांबणार नाही' म्हणाला की लगेच थांबतो. मग उफराट्याला उफराट्याचाच मजकूर द्या. 'थांबेल' म्हटलं तर तो थांबत नाही, 'थांबणार नाही' म्हटलं तर थांबतो. पारखी दोन्हीकडून खोटा पडतो, म्हणजे असा पारखी नाहीच.

इथे एक रास्त शंका निघते. खऱ्या कॉम्प्युटरची मेमरी मर्यादित असते, मग तिच्या सगळ्या अवस्था तपासता येणार नाहीत का? तत्त्वतः येतील. पण फक्त १ किलोबाइट मेमरीच्या अवस्था २ चा ८१९२ वा घात इतक्या होतात. ती संख्या लिहायला जवळपास अडीच हजार अंक लागतात.

म्हणून ब्राउझर अंदाजावर भागवतो. इंटरनेट एक्स्प्लोरर स्क्रिप्टने पाळलेल्या सूचना मोजायचा आणि ५० लाखांवर गेली की विचारायचा. फायरफॉक्सने घड्याळ धरलं, त्याची नेहमीची मर्यादा १० सेकंदांची. घड्याळाचा तोटा असा, की संथ मशीनवर किंवा ढीगभर टॅब उघडे असताना निर्दोष स्क्रिप्टही मर्यादेबाहेर जाते. तेव्हा पहिल्यांदा चौकट आली तर 'थांबा' (म्हणजे आणखी वाट पाहा) निवडून पाहावं. लगेच पुन्हा आली तर पान बंद करावं.

त्रास रोजचाच असेल तर तेच पान प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा. तिथे बहुतेक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बंद असतात आणि ब्राउझरने आधी साठवून ठेवलेल्या फाइलीही वापरल्या जात नाहीत. तिथे पान नीट चाललं तर एकेक एक्स्टेन्शन बंद करत दोषी शोधा. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन पानाला हवी असलेली स्क्रिप्टच अडवतात, असं बऱ्याचदा घडतं. आपोआप भाषांतराची सोयही बंद करून पाहा. ती पानातला मजकूर बदलते, आणि आपण लिहिलेला मजकूर जागेवरच असेल असं धरून चाललेली स्क्रिप्ट कोलमडते. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं की पानाच्या फाइली नव्याने येतात. जुनी स्क्रिप्ट आणि नवं पान यांचा मेळ बसत नसेल तर एवढ्यानेच काम होतं. ब्राउझर अद्ययावत ठेवा. क्लीनर आणि बूस्टर यातलं काहीही दुरुस्त करत नाहीत. आणि चौकटीत फोन नंबर दिला असेल तर ती सरळ फसवणूक समजा. स्क्रिप्ट अडकली म्हणून फोन करा, असं कोणताही ब्राउझर सांगत नाही.

हे सगळं करून, दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच पान तसंच अडत असेल, तर दोष त्या संकेतस्थळाचा आहे आणि तो तुमच्या हातून दुरुस्त होणार नाही. एफ१२ दाबून कन्सोल उघडा, पान पुन्हा लोड करा आणि तांबड्या रंगातली सर्वांत वरची ओळ ब्राउझरच्या आवृत्तीसह त्यांना कळवा. खालच्या ओळी बहुतेक वेळा त्या पहिल्या चुकीचेच परिणाम असतात.