बाजारपाहणी ते सार्वजनिक सुरक्षा : डेटा सायंटिस्टच्या वाटेमागचा इतिहास

सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महापालिका त्यात भागीदार होत्या. ‘आपली बस’च्या गाड्यांवर धडकेआधी चालकाला सावध करणारी यंत्रं बसली. असे इशारे वारंवार कुठे वाजतात यावरून ‘ग्रे स्पॉट’, म्हणजे पुढे ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघात होणारी जागा) होऊ शकणाऱ्या जागा शोधायच्या, अशी कल्पना. २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी संस्था नागपुरातच उभी केली आणि आयआयएम नागपूरला सोबत घेतलं. साबण-बिस्किटांच्या पाहण्यांत काही वर्षं घालवलेल्या विश्लेषकाला या कामात जागा आहे का, हा प्रश्न त्यामुळे इथे खरोखरीचा झाला आहे. जागा आहे, आणि चांगली आहे. दोन्ही क्षेत्रांतली मुख्य अडचण एकच: मोजणीतून कोण सुटलं ते ओळखणं. बाजारपाहणीने त्यावर उपाय आधी शोधले.

भारतात त्याची सुरुवात प्रशांतचंद्र महालनोबिसांपासून होते. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे, दोन वेगळ्या तुकड्यांकडून भरून घ्यायचे आणि उत्तरांतला फरक तपासायचा, ही त्यांची पद्धत. फरक नमुन्याच्या चढउताराने समजावता येण्याइतका असेल तर ठीक, त्याहून मोठा असेल तर चूक माहिती गोळा करणाऱ्यांत आहे. बडोद्याला विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये काढलेल्या ऑपरेशन्स रिसर्च ग्रुपने दुकानांची पाहणी रुजवली. तिचं गणित साधं: सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा, म्हणजे विक्री. नागपुरात हे गणित इतवारीच्या बाजारपेठेत अडतं. तिथला व्यापारी ठोकही विकतो आणि चिल्लरही. भंडारा-गोंदियाला गेलेला माल वेगळा काढला नाही, तर तो नागपूरकरांनीच खाल्ला असं दिसतं.

घरोघरच्या पाहणीची शिस्त आणखी कडक. आरंभबिंदू कार्यालयातून ठरवून दिलेला असतो, तिथून उजव्या हाताचा नियम पाळत, म्हणजे घरं कायम उजव्या हाताला ठेवत चालायचं, ठरलेली घरं सोडत दार वाजवायचं. घरात कोणाला विचारायचं तेही सर्वेक्षकाने ठरवायचं नाही. लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या तक्त्यावरून व्यक्ती निवडली जाते. कुलूप असेल तर वेगळ्या वेळी पुन्हा यायचं. नागपूरच्या मे महिन्यात हा शेवटचा नियम सगळ्यात आधी मोडतो. ४५ अंशांत दुपारी कोणी फिरत नाही, सकाळी भेटतात ते घरी असणारे, आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे नमुन्यातून गळतात. म्हणून सुपरवायझर काही मुलाखती फोन करून किंवा पुन्हा घरी जाऊन पडताळतो. टॅबलेटवर फॉर्म भरायला लागल्यापासून मुलाखतीची वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते. वीस मिनिटांची प्रश्नावली सहा मिनिटांत भरली गेली, किंवा ओळीने दहा प्रश्नांना एकच उत्तर आलं, की ती बाजूला काढली जाते.

गळालेल्यांची भरपाई वजनांनी होते, म्हणजे नमुन्यात कमी सापडलेल्यांच्या उत्तरांना जास्त भार दिला जातो. वय, लिंग, झोन यांचे एकूण आकडे जनगणनेशी जुळेपर्यंत वजनं आळीपाळीने सुधारत जायची ही रीत डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४० मध्ये दिली. तिचीही किंमत असते. वजनांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा त्यांचा पसारा, त्यांच्या सरासरीइतकं झालं, तर १,००० मुलाखतींतून ५०० मुलाखतींइतकीच माहिती उरते. शिवाय ज्या जनगणनेशी जुळवायचं ती २०११ची. नागपूर महापालिका हद्दीची तेव्हाची लोकसंख्या २४,०५,६६५. त्यानंतर बेसा, मनीषनगर, वर्धा रोडच्या बाजूने शहर कितीतरी पसरलं, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर जुन्या आकड्यांशी जुळवलेली वजनं नव्या वस्त्यांना कमी लेखतात. उपाय म्हणजे नव्या भागांत घरांची यादी स्वतः करणं. खर्चिक आहे, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

१९८८ मध्ये ठरलेलं घरांचं सामाजिक-आर्थिक वर्गीकरण कुटुंबातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि व्यवसाय यांवर बेतलेलं होतं. २०११ मध्ये व्यवसाय गेला आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत ते आलं. व्यवसायाचं उत्तर लिहिताना गफलत होते, फ्रिज मात्र मोजता येतो. २००८च्या सुमारास अमेरिकेतल्या इंटरनेट कंपन्यांत ‘डेटा सायंटिस्ट’ हे पदनाम पुढे आलं. पाहणीतल्या विश्लेषकांनी एसपीएसएस हे तयार सांख्यिकी सॉफ्टवेअर सोडून आर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषा धरल्या तोही हाच काळ.

सुरक्षेच्या आकड्यांचा इतिहास याहून जुना आहे. फ्रान्समध्ये गेरी आणि बाल्बी यांनी १८२९ मध्येच गुन्ह्यांचे नकाशे छापले होते. भारतात ‘क्राइम इन इंडिया’ १९५३ पासून निघतं आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला. १९८९ मध्ये मिनियापोलिस शहराच्या अभ्यासात दिसलं की पोलिसांना येणारे निम्मे फोन अवघ्या ३ टक्के जागांवरून येतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी ‘कॉम्पस्टॅट’ बैठका, म्हणजे गुन्ह्यांचे आकडे समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारणाऱ्या बैठका, सुरू केल्या. भारतातली पोलीस स्टेशनं एका जाळ्यात जोडणाऱ्या सीसीटीएनएसला २००९ मध्ये मंजुरी मिळाली.

दोन्ही प्रवाह प्रत्यक्षात एकत्र आले ते पीडितांच्या पाहण्यांत. तक्रार न झालेले गुन्हे किती, हे मोजायला अमेरिकेने १९७०च्या दशकात आणि ब्रिटनने १९८२ मध्ये घरोघरी नमुना पाहणी सुरू केली. भारतात अशी नियमित राष्ट्रीय पाहणी नाही, त्यामुळे विश्लेषकाच्या हाती एफआयआर आणि ११२ क्रमांकावरचे फोन एवढंच येतं. बाजारपाहणीत नमुना आपण निवडतो. इथे तो लोकांच्या आणि हवालदाराच्या निर्णयांतून तयार होतो. दुचाकी चोरीची तक्रार बहुधा होतेच, कारण विम्याला एफआयआर लागते. मोबाइल चोरी मात्र अनेकदा ‘गहाळ’ म्हणून नोंदते. त्यामुळे या दोन गुन्ह्यांचे आकडे एका नकाशावर बेरजेने मांडणं चूकच आहे. राष्ट्रीय आकडेवारीत एका एफआयआरमधल्या अनेक गुन्ह्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. खून आणि चोरी एकत्र झाली तर चोरीच्या रकान्यात काही जात नाही.

जागा शोधणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. नागपूरचा पत्ता ‘अमुक ले-आउट, तमुक मंदिराजवळ’ असा असतो. १९०० आणि ५७२ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटमध्ये तर प्लॉट क्रमांकही फिरून फिरून तेच येतात. पत्ता सापडला नाही की संगणकप्रणाली बिंदू वस्तीच्या मध्यावर टाकते, किंवा भरणारा माणूस पोलीस स्टेशनचेच अक्षांश-रेखांश देतो. मग स्टेशनच्या दारातच मोठा हॉटस्पॉट, म्हणजे गुन्ह्यांची दाटी दाखवणारा ठिपका, उगवतो. म्हणून आधी एकाच बिंदूवर किती नोंदी साचल्या ते मोजायचं. अक्षांश २१ आणि रेखांश ७९च्या आसपास नसलेल्या नोंदी काढायच्या, त्यांतल्या बऱ्याच नुसत्या उलट लिहिलेल्या असतात. अंतर अंशांत मोजायचं नाही. नागपूरच्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०४ किलोमीटर भरतो. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या ४४ उत्तर पट्ट्यात रूपांतर करून मीटरमध्ये काम केलं की वर्तुळं वर्तुळंच राहतात.

वेळेचंही तसंच. रात्री १० ला लावलेली गाडी सकाळी ६ ला दिसत नाही. चोरीची वेळ म्हणून १० किंवा ६ लिहिलं तर खोटं शिखर दिसतं. आठ तासांना प्रत्येकी एक अष्टमांश भार द्यायचा. अशा शेकडो नोंदी एकत्र केल्या की खरी वेळ बऱ्यापैकी उघडी पडते.

भाजक निवडताना बाजारपाहणीतली सवय कामी येते. सीताबर्डीत राहणारे कमी आणि दिवसा येणारे प्रचंड. गुन्हे भागिले रहिवासी केलं तर बर्डी शहरातली सगळ्यात धोकादायक जागा ठरते. खिसेकापूंसाठी भाजक येणाऱ्यांचा हवा, घरफोडीसाठी घरांचा, वाहनचोरीसाठी उभ्या वाहनांचा. महापालिकेचे १० झोन आणि पोलीस स्टेशनांच्या हद्दी जुळत नाहीत, म्हणून लोकसंख्या लहान चौकटींत वाटून पुन्हा जोडावी लागते.

अपघातांत वेगळा फसवा धागा आहे. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, म्हणजे ब्लॅक स्पॉट. वाईट वर्षांवरून निवडलेली जागा पुढच्या वर्षी काहीही न करता थोडी सुधारलेली दिसते, आणि श्रेय रंगवलेल्या पट्ट्यांना जातं. हे टाळायला तशाच रस्त्यांची अपेक्षित सरासरी आणि त्या जागेची नोंद यांचं भारित मिश्रण घेतात. एझ्रा हॉवर यांनी रस्तासुरक्षेत रुजवलेली ही पद्धत ब्रँडच्या छोट्या नमुन्यांवर काम केलेल्याला लगेच कळते. देशभरच्या अपघातांसाठी आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या ‘आयरॅड’ या नोंदप्रणालीच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. तिथल्या नोंदींत जागा मोबाइलवरून येते, ही मोठी सोय झाली.

पोलिसिंगच्या अंदाजांना याहून गंभीर धोका आहे. जिथे गस्त जास्त तिथे दारू-जुगाराच्या केसेस जास्त, मॉडेल तोच भाग पुन्हा दाखवतं, गस्त आणखी वाढते. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये ‘प्रेडपोल’ हे गुन्ह्यांच्या जागांचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर थांबवलं, त्याआधी त्यावर असेच आक्षेप होते. साबणाचा अंदाज चुकला तर माल गोदामात पडतो. इथे एखाद्या वस्तीतल्या पोरांची रोज झडती होते. म्हणून पोलिसांनी स्वतःहून केलेल्या कारवाईच्या केसेस मॉडेलला शिकवण्याच्या डेटात घेऊच नयेत, नागरिकांच्या तक्रारी तेवढ्या घ्याव्यात.

तपासणीही पुढच्या काळावर करायची. २०२४ पर्यंतचा डेटा देऊन २०२५चे गुन्हे पाहायचे. शहराच्या ५ टक्के क्षेत्रात २० टक्के घरफोड्या पकडल्या तर गुणोत्तर २० भागिले ५, म्हणजे ४. हेच गुणोत्तर गेल्या वर्षीच्या साध्या नकाशाचंही काढायचं. त्याचाही ४ येत असेल तर साधा नकाशाच पोलीस स्टेशनला द्यायचा, कारण तो ड्युटी लावणाऱ्या अधिकाऱ्याला वाचता येतो आणि चूक दिसली तर तिथेच सांगता येते.