संत काझिमेरास

संत काझिमेरास (३ ऑक्टोबर १४५८ – ४ मार्च १४८४) हे लिथुएनियाचे संरक्षक संत. पोलंडचे राजे व लिथुएनियाचे महाराजे चौथे काझिमिर यागिएलोन आणि हाब्सबुर्ग घराण्यातील राणी एलिझाबेथ यांचे हे दुसरे पुत्र. जन्म क्राकूवच्या वावेल राजवाड्यातला. इतिहासकार यान द्वुगोश यांनी त्यांना शिकवले. तेराव्या वर्षी, १४७१ मध्ये, हंगेरीच्या गादीसाठी त्यांना सैन्यासह पाठवण्यात आले, पण ती मोहीम फसली. पुढे वडील लिथुएनियात असताना त्यांनी पोलंडचा कारभार पाहिला. लग्नाला नकार, मरियामातेची उत्कट भक्ती आणि गरिबांविषयीचा कळवळा यांमुळे हयातीतच त्यांचे नाव झाले होते. क्षयाने ग्रोद्नो (आताच्या बेलारूसमध्ये) येथे त्यांचे निधन झाले तेव्हा वय अवघे पंचवीस होते. दफन विल्नियसच्या कॅथीड्रलमध्ये झाले. जन्म पोलंडमधला असूनही लिथुएनियाने त्यांना आपले मानले, यामागे ही समाधी राजधानीतच असणे हे मोठे कारण आहे.

भक्ती लवकर पसरली. १५१८ मध्ये पोलोत्स्क शहराच्या वेढ्याच्या वेळी ते शुभ्र घोड्यावर प्रकटले आणि दौगावा नदीचा उतार दाखवून त्यांनी लिथुएनियन सैन्याला पलीकडे नेले, अशी कथा सांगितली जाते. पोपचे दूत झकारिया फेरेरी यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १५२१ मध्ये क्राकूवमध्ये छापले गेले. १६०२ मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांनी त्यांच्या सणाला मान्यता दिली आणि १६०४ मध्ये विल्नियसमध्ये मोठा सोहळा झाला. त्याच वर्षी शवपेटी उघडली असता देह न कुजलेला आढळला आणि त्याच्यासोबत ‘ओम्नी दिए दिक मारिए’ या लॅटिन मरियास्तोत्राची प्रत मिळाली, असे तेव्हाच्या वृत्तांतात म्हटले आहे. हे स्तोत्र फार दिवस त्यांच्याच नावावर खपले. वस्तुतः ते त्यांच्या काही शतके आधीचे आहे, पण ते त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होते ही श्रद्धा टिकून राहिली.

कॅथीड्रलला लागून असलेले त्यांचे चॅपल म्हणजे छोटे प्रार्थनागृह (१६२३–१६३६) लिथुएनियातील बरोक या अलंकारप्रचुर शैलीच्या कलेचा एक उत्कृष्ट नमुना होय. वास्तुकार कोन्स्तान्तिनो तेन्काल्ला, तर भित्तिचित्रे मिकेलांजेलो पाल्लोनी यांची. आत चांदीच्या पेटीत अवशेष आहेत. समोरच्या चित्रात संताला तीन हात दिसतात. चित्रकाराने एक हात पुसून नव्या जागी रंगवला, पण जुना पुन्हा उमटला, अशी आख्यायिका आहे. भाविक त्यात संताच्या औदार्याची खूण पाहतात.

शहरातले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संत काझिमेरास चर्च मात्र दर राजवटीने बदलले. झारच्या अमलात ते ऑर्थोडॉक्स झाले, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तिथे प्रोटेस्टंट उपासना चालवली आणि सोव्हिएत काळात तिथे नास्तिकतेचे संग्रहालय थाटले गेले. १९९१ मध्ये त्याचे पुन्हा पवित्रीकरण झाले. कॅथीड्रलचेही चित्रदालन झाले होते. तेव्हा अवशेष आन्ताकाल्निस भागातील संत पीटर व पॉल यांच्या चर्चमध्ये हलवले गेले आणि १९८९ मध्ये, सोव्हिएत सत्ता ढासळत असताना, कॅथीड्रलमध्ये परत आले. हे पुनरागमन निव्वळ धार्मिक विधी मानता येणार नाही, कारण संग्रहालय आणि चित्रदालन करून जे सार्वजनिक जीवनातून हटवायचे होते, तेच उघडपणे शहराच्या मध्यभागी परतले.

४ मार्च हा त्यांचा सण. त्याला धरून विल्नियसमध्ये ‘काझ्युको मुगे’ म्हणजे काझ्युकासची जत्रा भरते. काझ्युकास हे संताचे लाडके नाव. जत्रेचा उगम सतराव्या शतकातील उत्सवांत आहे. लाकडी भांडी, विणलेल्या टोपल्या, मातीची भांडी, लोहारकाम आणि दोऱ्यात ओवलेल्या पावांच्या माळा इथे विकल्या जातात. मधाच्या हृदयाकृती बिस्किटांवर साखरेने नावे लिहून ती प्रिय माणसाला देतात. ‘वेर्बा’ मात्र सगळ्यांत देखणी: वाळलेली रानफुले, गवत आणि ओंब्या काठीभोवती गुंफून केलेला हा गुच्छ झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) चर्चमध्ये आशीर्वादित केला जातो. त्या थंड प्रदेशात माडाच्या झावळ्या कुठून मिळणार! विल्नियसभोवतालच्या खेड्यांतल्या बायकांनी ही कला जोपासली. सोव्हिएत काळातही ही जत्रा पूर्णपणे थांबली नाही.

१९४८ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना लिथुएनियन तरुणाईचे विशेष संरक्षक घोषित केले. देशाबाहेरही त्यांचे नाव गेले. अमेरिकेत लिथुएनियन स्थलांतरितांच्या मुलांना शिकवण्यासाठी मारिया काउपास यांनी १९०७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील स्क्रॅन्टन येथे संत काझिमेरास भगिनीसंघ हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. महायुद्धानंतर पोलंडमध्ये विस्थापित झालेल्या विल्नियसच्या पोलिश लोकांनी पोझनान शहरात आपल्या जुन्या जत्रेची परंपरा ‘काझ्युकी’ या नावाने सुरू ठेवली.