फाइल-प्रकारानुसार कोडशोध

फाइल-प्रकारानुसार कोडशोध : सॉफ्टवेअर प्रकल्पात एखादा शब्द शोधताना ठरावीक प्रकारच्याच फाइली चाळायच्या आणि बाकीच्या बाजूला ठेवायच्या, ही सोय. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये कोड लिहिणाऱ्यांच्या तोंडी याला ‘मास्क लावणे’ किंवा ‘फिल्टर टाकणे’ असे शब्द असतात. ‘स्टार डॉट जावा’ हा साचा म्हणजे नाव काहीही असो, शेवट ‘डॉट जावा’ हवा. गाळणी पाहते ते फक्त नाव. फाइलीच्या पोटात काय आहे, हे तिला कळत नाही. तिचा वेगही यातून येतो आणि तिच्या चुकाही.

या शोधाचे मूळ १९७३ च्या सुमारास केन थॉम्पसन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीसाठी लिहिलेल्या ग्रेप या शोधसाधनात आहे. ॲक (२००५) आणि रिपग्रेप (२०१६) या साधनांत साचा लिहिण्याऐवजी प्रोग्रामिंग भाषेचे नाव सांगितले तरी चालते. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या कोड-संपादकाचा शोध आतून रिपग्रेपच चालवतो. तिथे कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून तीन टिंबांवर क्लिक केले, की घ्यायच्या आणि वगळायच्या फाइलींचे दोन रकाने उघडतात. इंटेलिजे आयडिया या दुसऱ्या संपादकात त्याच कळांनी उघडणाऱ्या खिडकीत ‘फाइल मास्क’ असतो, एक्लिप्समध्ये कंट्रोल-एच. साचे स्वल्पविरामाने तोडतात, पण व्हिज्युअल स्टुडिओ या (‘कोड’हून वेगळ्या) साधनात अर्धविराम लागतो.

मराठी मजकूर असलेल्या प्रकल्पात या गाळणीची खरी परीक्षा होते. समजा, जिल्ह्यांच्या यादीतला ‘नागपूर’ कुठेकुठे लिहिला आहे, ते पाहायचे आहे. मराठीत पू दीर्घ, हिंदीत ‘नागपुर’ ऱ्हस्व. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात दोन्ही भाषा शेजारी नांदतात, त्यामुळे विदेतही दोन्ही रूपे सापडतात. म्हणून नियमित राशीत (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधण्याचा साचा) ‘नागप’नंतर चौकटी कंसात दोन्ही उकार आणि मग ‘र’ लिहावा. आता मास्क ‘स्टार डॉट प्रॉपर्टीज’ (जावा प्रकल्पात पडद्यावरचा मजकूर आणि मांडण्या ठेवणाऱ्या फाइली) लावला आणि हाती शून्य आले, तर शब्द तिथे नाही असे लगेच समजू नये. जावा ८ पर्यंत प्रॉपर्टीज फाइली आयएसओ ८८५९-१ या देवनागरी नसलेल्या संकेतनात (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) वाचल्या जात, म्हणून देवनागरी अक्षरे संकेतांकांनी लिहावी लागत : ‘न’ऐवजी बॅकस्लॅश, यू आणि ०९२८. भाषांतराच्या मजकुराच्या (रिसोर्स बंडल) प्रॉपर्टीज फाइलींसाठी यूटीएफ-८ हे देवनागरी सामावणारे संकेतन मूळ पसंती झाले ते जावा ९ पासून, २०१७ मध्ये. जुन्या प्रकल्पात शब्दाबरोबर त्याचे संकेतांकही शोधावे लागतात. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

नावावरून प्रकार ठरवण्याचे आणखीही घोटाळे आहेत. ‘डॉट एच’ सी आणि सी++ दोघांचाही. ‘डॉट टीएस’ टाइपस्क्रिप्टचा, तसाच एका व्हिडिओ स्वरूपाचाही. डॉकरफाइल आणि मेकफाइल यांना शेपूट नसतेच. त्यांचे पूर्ण नाव द्यावे लागते. व्ह्यू या वेब-चौकटीच्या ‘डॉट व्ह्यू’ फाइलीत जावास्क्रिप्ट असते, पण ‘स्टार डॉट जेएस’ तिला शिवत नाही.

सर्वांत महाग पडते ते नाव बदलताना लावलेले फिल्टर. क्लासचे नाव बदलले, फक्त जावा फाइली तपासल्या, कंपायलरनेही (कोड तपासून यंत्रासाठी रूपांतरित करणाऱ्या साधनाने) हरकत घेतली नाही. पण स्प्रिंग या जावा-चौकटीच्या एक्सएमएल मांडणी-फाइलीत तेच नाव साध्या मजकुरासारखे पडून होते. ॲप्लिकेशन सुरू होताना ते कोसळते. म्हणून वाचण्यासाठी, समजून घेण्यासाठी मास्क जरूर लावावा. बदलण्यासाठी किंवा काढून टाकण्यासाठी शोधताना तो उतरवावा.

मास्क तसाच राहून जाण्याची चूकही नेहमीची. सकाळी ‘स्टार डॉट सीएसएस’ टाकलेला असतो, दुपारी फंक्शन शोधले तर काहीच मिळत नाही. अनपेक्षित शून्य दिसले, की आधी तो रकाना पाहावा. रकाना रिकामा असला तरी काही फाइली सुटलेल्या असू शकतात : रिपग्रेप गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नोंदलेल्या, लपवलेल्या आणि बायनरी (मजकूर नसलेल्या) फाइली आपणहून सोडून देतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये वगळण्याच्या रकान्यातले छोटे चाक बंद केले, की गिटइग्नोरमुळे सुटलेल्या फाइलीही शोधात येतात.