शेततळं कुठल्या पाण्याने भरताय?

हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद साधारण 7 टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो, नाहीतर आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही. मध्य भारतातल्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं.

सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसाचा असा खंड पडला तर दाणा बारीक राहतो. त्या वेळी 5 सेंटिमीटर पाण्याची एक पाळी लागते, म्हणजे एकरी 2 लाख लिटर पाणी. शेततळं हवं ते यासाठी.

30 × 30 × 3 मीटरच्या तळ्याला 1:1 उतार, म्हणजे मीटरभर खाली जाताना मीटरभर आत, दिला की तळ 24 × 24 मीटरचा होतो आणि 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं. हिशेबाने 11 एकरांची एक पाळी. पण वरून 900 चौरस मीटर पाणी उघडं असतं. दिवसाला 5 मिलिमीटर वाफ धरली तरी 4,500 लिटर उडतात, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. तळं वर रुंद, त्यामुळे वरच्या एका मीटरमध्येच 8.4 लाख लिटर असतात आणि आधी उडतं तेच. म्हणून हे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या खंडात वापरावं, मे महिन्यासाठी राखून ठेवू नये.

60 मिलिमीटरच्या पावसातलं 30 टक्के पाणी वाहून आलं, तर 2 हेक्टरांतून 3.6 लाख लिटर मिळतात. असे सहा पाऊस झाले की तळं भरतं.

गडबड होते ती अस्तरीकरणात, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून आतून पन्नी अंथरण्यात. चिकण काळ्या मातीत पाझर कमी; मुरमाड जमिनीत मात्र 500 मायक्रॉनची पन्नी लागते. काठावर चरात दाबायची पट्टी धरून ती सुमारे 1,160 चौरस मीटर भरते. चौरस मीटरला 100 रुपये धरले तरी 1 लाख 16 हजार, खोदाई वेगळी. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत या आकाराला जास्तीत जास्त 50 हजारांचं अनुदान होतं. एवढा पैसा घातल्यावर गाळाच्या भीतीने शेतकरी चारही बाजूंनी भराव उंच करतो. मग वाहतं पाणी आत येणार कुठून? तळं बोअरने भरलं जातं. जमिनीखाली सावलीत असलेलं, शेजाऱ्याच्याही विहिरीचं पाणी वीज जाळून उन्हात आणून ठेवायचं, हा सरळ तोटा आहे.

त्यापेक्षा उतारावरून पाणी येतं त्या बाजूला भराव मोकळा ठेवून दगडी पिचिंगचं, म्हणजे दगड रचून पक्कं केलेलं, प्रवेशद्वार करावं, त्याआधी साधारण 2 × 2 × 1 मीटरचा गाळखड्डा खणावा आणि तो दर मोठ्या पावसानंतर उपसावा. समोर जादा पाणी बाहेर जायला सांडवा हवाच. आणि पन्नी ओली झाली की पाय ठरत नाही, पोहणाराही वर येऊ शकत नाही. म्हणून कुंपण आणि चारही काठांना गाठी मारलेला दोर, पाणी भरण्याआधीच.