केचावा: मशीद, कॅथेड्रल, आणि 'परत' या शब्दाचा घोळ

अल्जेरियाची राजधानी अल्जिअर्स, तिथल्या कसब्यातल्या (म्हणजे जुन्या शहरातल्या) केचावा मशिदीचा फोटो कुणी टाकला की खाली एक तरी जण लिहितोच, ही आधी चर्च होती ना? होती की, 1832 ते 1962. (कसबा म्हणजे आपल्या कसबा पेठेतलाच शब्द, अरबीतून तिकडेही गेला आणि इकडेही आला.) पण त्या 'ही' मध्येच सगळी गोची आहे.

मूळ मशीद तुर्की अमदानीतली, अठराव्या शतकाच्या शेवटी मोठी करून बांधलेली, नावही तुर्की, बकऱ्यांचं पठार असा काहीतरी अर्थ.

खरी भानगड 1830 ची. 5 जुलैला शहर ताब्यात घेताना फ्रेंच सेनापतीने लेखी दिलं होतं की इथल्या लोकांच्या धर्माला, मालमत्तेला हात लावणार नाही. अडीच वर्षंही झाली नाहीत तोवर नव्या साहेबांना चर्चसाठी शहरातली सगळ्यात देखणी मशीद हवीशी झाली. लोक हजारोंनी आत जाऊन बसले, तर सैनिकांनी संगिनी रोखून त्यांना बाहेर काढलं, आणि डिसेंबर 1832 मध्ये नाताळची प्रार्थना (मिस्सा) तिथेच झाली. आता कुणी म्हणतं सगळं रीतसर ठरवून झालं, कुणी म्हणतं रक्त सांडलं, पण सही केलेला कागद मोडला हे तरी कुणाला नाकारता येत नाही.

पुढे 1838 मध्ये बिशपची गादी आली, चर्चचं कॅथेड्रल (म्हणजे बिशपचं मुख्य चर्च) झालं, आणि मग जुनी इमारत पुरेना म्हणून ती टप्प्याटप्प्याने पाडून नवीन उभी केली, ते काम कित्येक दशकं रेंगाळलं. जुन्या मशिदीचे संगमरवरी खांब तेवढे आत वापरले. आज समोरच्या 23 पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना जे मिनार वाटतात ते कॅथेड्रलचे मनोरे आहेत, मुद्दाम अरबी वळणाचे काढलेले. 1569 मध्ये किल्ल्याच्या भिंतीत जिवंत चिणलेल्या एका ख्रिस्ती झालेल्या तरुणाचा सांगाडा 1853 मध्ये सापडला, तोही इथेच आणून ठेवला होता.

त्यामुळे अल्जेरिया फ्रेंचांपासून स्वतंत्र झाल्यावर 2 नोव्हेंबर 1962 च्या शुक्रवारी नमाज झाला आणि मशीद 'परत मिळाली' असं सगळे म्हणाले, तेव्हा परत मिळाली ती जागा. इमारत बरीचशी फ्रेंचांची. यावरून 'आम्ही बांधलेलं घेतलं' असं रडणारे अजून भेटतात, त्यांना पाडलेल्याचं काय विचारलं की गप्प होतात. बिशपांचं बस्तान नव्या शहरातल्या काँक्रीटच्या चर्चमध्ये हललं, जे लांबून थेट वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरसारखं दिसतं.

1992 मध्ये अख्खा कसबा जागतिक वारसा यादीत गेला, पण 2003 च्या भूकंपानंतर भिंतींची हालत वाईट, मशीद कित्येक वर्षं बंदच. शेवटी दुरुस्तीला पैसा आला तुर्कस्तानातून, ऑटोमन (म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याचा) वारसा म्हणून, आणि 2018 मध्ये दारं उघडली. म्हणजे तुर्कांनी हौसेने डागडुजी केली त्यात खांब त्यांच्या पूर्वजांचे आणि मनोरे फ्रेंचांचे.