मध्यम शहर राहायला बरं, हे डोक्यात आलं कुठून

मध्यम आकाराचं शहर राहायला बरं हे आजकाल सगळेच म्हणतात. ट्रॅफिक कमी, हॉस्पिटल जवळ, मुलांना कॉलेजसाठी बाहेरगावी पाठवायला नको, ऑफिस सुटलं की अर्ध्या तासात घरी. पण मध्यम म्हणजे नक्की किती माणसं असं विचारलं की सगळ्यांची उत्तरं वेगळी. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या वर्गवारीत २ ते ५ लाखांचं शहर मध्यम, चीनने २०१४ साली नवीन वर्गवारी केली त्यात ५ ते १० लाखांचं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अहवालात तर १० ते ५० लाखांचं. म्हणजे ८ लाखांचं शहर एकाच्या हिशोबात महानगर आणि दुसऱ्याच्या हिशोबात मध्यम. हा घोळ नवा नाहीये, शहराचा योग्य आकडा लोक गेली अडीच हजार वर्षं शोधतायत, आणि जुने आकडे बघताना मला एक गोष्ट सारखी जाणवते, की दर वेळी आकडा आलाय तो त्या काळच्या मोठ्या शहरात जे असह्य झालं होतं त्यातून. कधी साथ, कधी धूर, कधी गाड्या, आता घरभाडं.

प्लेटोने ५०४० नागरिक कुटुंबं सांगितली होती, आणि कारण काय तर ५०४० ला १ ते १० पर्यंत सगळ्या आकड्यांनी भाग जातो, मग जमीन वाटा, सैन्य वाटा, कर वाटा, सगळं सोपं! अ‍ॅरिस्टॉटल जरा व्यवहारी. त्याचं म्हणणं, माणसं एवढी हवीत की गरजा शहरातल्या शहरात भागतील, पण एवढीच हवीत की लोकांना एकमेकांचा स्वभाव माहीत असेल, नाहीतर पदावर कुणाला बसवायचं आणि वादात कोण खरं बोलतंय हे ठरवणार कसं. मला विचाराल तर मध्यम शहराची याहून चांगली व्याख्या नंतर फार कमी जणांनी केलीय, कारण यात किमान मर्यादा पण आहे आणि कमाल पण, आणि दोन्हीला कारण दिलंय.

पुढची मोठी उडी मिलानची. १४८४-८५ च्या प्लेगमध्ये तिथे प्रचंड माणसं मेली आणि लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या राज्यकर्त्याला सुचवलं की हे शहर फोडा, दहा नवी शहरं करा, प्रत्येकात ५ हजार घरं आणि ३० हजार माणसं, म्हणजे माणसं अशी एकमेकांच्या अंगावर राहणार नाहीत. झालं काहीच नाही. पण ३० हजारांचा तो आकडा साधारण चारशे वर्षांनी जवळजवळ तसाच पुन्हा वर आला, लंडनमध्ये.

लंडन १८०१ साली साधारण १० लाखांचं होतं, १९०१ पर्यंत उपनगरं धरून ६५ लाखांच्या आसपास गेलं. मधल्या काळात कॉलरा, कोळशाचा धूर, आणि थेम्स नदी म्हणजे उघडं गटार. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीचा वास एवढा वाढला की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराईडमध्ये भिजवून टांगले होते, तरी खासदारांना बसवेना, आणि मग वर्षानुवर्षं अडकलेला गटारांचा प्रश्न भराभर मार्गी लागला. (राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत गेल्याशिवाय गटारं होत नाहीत, हे तेव्हाही होतंच.) त्याच संसदेत पुढे कामकाज शॉर्टहँडमध्ये लिहून घेणारा एक माणूस होता, एबेनेझर हॉवर्ड. ना आर्किटेक्ट, ना इंजिनियर. १८९८ मध्ये त्याने पुस्तक काढून गार्डन सिटीची कल्पना मांडली: ६ हजार एकर जमीन, त्यातल्या १ हजार एकरांवर शहर, बाकी भोवती शेती, माणसं ३२ हजार. शहर भरलं की ताणायचं नाही, शेतीपलीकडे दुसरं वसवायचं, आणि अशी शहरं रेल्वेने जोडून मधोमध ५८ हजारांचं एक जरा मोठं.

लोकांच्या लक्षात राहिली ती यातली झाडं आणि बागा. हॉवर्डचा खरा मुद्दा जमिनीचा होता. शहरातली जमीन एकगठ्ठा सगळ्या शहराच्या वतीने एका संस्थेकडे, घरं-दुकानं भाडेपट्ट्यावर, आणि शहर वाढलं तसं जमिनीचं जे भाडं वाढेल ते कुणा मालकाच्या खिशात न जाता शहराच्याच कामाला. कारण त्याला दिसत होतं की शहर चांगलं झालं की जमीन महागते, आणि जमीन महागली की ज्यांच्यासाठी ते चांगलं केलं तीच माणसं बाहेर पडतात. १९०३ मध्ये लेचवर्थ आणि १९२० मध्ये वेल्विन ही दोन शहरं या हिशोबाने उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने १९४६ चा कायदा करून न्यू टाऊन्स बांधायला घेतली तेव्हा आकडे फुगत गेले, १९६७ च्या मिल्टन कीन्सचं टार्गेट अडीच लाख होतं. गार्डन सिटीची पाटी तर पुढे जगभर बिल्डरांनी वाटेल त्या कॉलनीला लावली, त्यात भाड्याचा तो भाग अर्थातच गायब.

३२ हजारांच्या शहरात एक अडचण होती आणि ती नीट दाखवली जर्मनीच्या वॉल्टर ख्रिस्टालरने, १९३३ मध्ये, दक्षिण जर्मनीतल्या गावा-शहरांचा अभ्यास करून. त्याचं म्हणणं साधं आहे, प्रत्येक सेवेला टिकायला कमीत कमी एवढी गिऱ्हाइकं लागतातच. न्हाव्याचं दुकान छोट्या गावातही चालतं, पण हृदयाचं ऑपरेशन करणारं हॉस्पिटल, नाटकगृह, विद्यापीठ यांना मागे लाखो माणसं लागतात, मग ती शहरातली असोत नाहीतर आजूबाजूच्या खेड्यांतून येणारी असोत. म्हणून नुसती शहराची लोकसंख्या बघून काही कळत नाही, दीड लाखांचं शहर चारी बाजूंच्या खेड्यांचं केंद्र असेल तर तिथे महानगराला खेटून असलेल्या चार लाखांच्या शहरापेक्षा जास्त सोयी असू शकतात, कारण खेटून असलेल्या शहरातला माणूस प्रत्येक मोठ्या कामाला शेजारच्या महानगरात जातो. (याच ख्रिस्टालरने नंतर नाझींसाठी व्यापलेल्या पोलंडच्या वसाहतींचं नियोजन केलं, तेही सांगायला हवं.)

अमेरिकेत मात्र आकार राहिला बाजूला आणि शहरांना मार्क द्यायची टूम निघाली. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये ३१० शहरांना चांगुलपणाचे गुण देऊन टाकले, त्यात बालमृत्यू, शाळांवरचा खर्च, लायब्ररी, घरातले टेलिफोन असं काय काय, आणि पहिलं आलं पासाडेना. १९८० च्या दशकात असली रँकिंग जोरात विकली जायला लागली आणि १९८५ मध्ये पिट्सबर्ग पहिलं आलं तेव्हा देशभर लोक हसले, कारण सगळ्यांच्या डोक्यात ते काळ्या धुराचं स्टीलचं शहर. पण धूर तोपर्यंत गेला होता (स्टीलच्या नोकऱ्याही गेल्या होत्या), आणि हॉस्पिटलं, विद्यापीठं, म्युझियमं मागे राहिली होती.

पण नुसते मार्क बघितले की खरी गोष्ट हातातून निसटते असं मला वाटतं, कारण ज्या शहरांची नावं आज घेतली जातात ती आकड्याने चांगली झाली नाहीत, तिथे कुणीतरी ठरावीक वेळी नाही म्हटलं म्हणून झाली. कॅनडातलं व्हँकुव्हर १९७१ मध्ये सव्वाचार लाखांचं होतं, शहराच्या मधून फ्रीवे, म्हणजे गाड्यांचा न थांबता जाणारा महामार्ग, न्यायचा प्लॅन लोकांनी हाणून पाडला आणि आजही शहराच्या गाभ्यात फ्रीवे नाही. ब्राझीलमधलं कुरितिबा १९७० मध्ये ६ लाखांचं, तिथला महापौर जैमी लर्नर, त्याने १९७२ मध्ये मुख्य बाजाराचा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी करायचं ठरवलं. दुकानदार कोर्टात जाणार हे माहीत होतं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी खणायला घेतलं आणि शनिवार-रविवारात काम जवळपास उरकलं. मग गाडीवाल्यांनी धमकी दिली की आम्ही गाड्या आत घालणार, तर पालिकेने रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरून पोरांना चित्रं काढायला बसवलं, आता घाला गाड्या! थोड्याच दिवसांत तेच दुकानदार पुढचा रस्ताही गाड्यांना बंद करा म्हणायला लागले. १९७४ मध्ये तिथे बसच्या वेगळ्या लेन आल्या आणि जगभरातल्या बीआरटीवाल्यांनी (बीआरटी म्हणजे वेगळ्या लेनमधून धावणाऱ्या जलद बस) तो धडा गिरवला.

नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन अजून छोटं. १९७७ मध्ये तिथे मॅक्स व्हान डेन बर्ग या तिशीतल्या नगरसेवकाच्या पुढाकाराने शहराच्या मधल्या भागाचे चार तुकडे केले, आणि नियम असा की गाडीने एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात थेट जाताच येत नाही, बाहेर रिंगरोडवर जा आणि फिरून आत या. सायकल आणि बस मात्र सरळ जाणार. कुणाची गाडी काढून घेतली नाही की दंड लावला नाही, फक्त गाडीचा रस्ता लांब आणि सायकलचा जवळचा करून ठेवला. व्यापारी भयंकर चिडले होते. आज तिथे शहरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलने होतात.

हे मध्यम शहरातच का जमतं याचं थोडंफार उत्तर इटलीच्या चेझारे मार्केत्तीने १९९४ मध्ये मांडलेल्या हिशोबात आहे. माणूस कुठल्याही काळात रोज साधारण एक तासच ये-जा करायला तयार असतो, त्यामुळे पायी चालायच्या काळातली शहरं ५ किलोमीटरपेक्षा फार रुंद झाली नाहीत, आणि वाहन वेगवान झालं की वेळ न वाचता शहरच पसरलं. आता हाच हिशोब सायकलला लावा, ताशी १५ च्या स्पीडने अर्ध्या तासात साडेसात किलोमीटर, दोन-तीन लाखांच्या आटोपशीर शहराचं हे टोक ते ते टोक त्यात बसतं. पन्नास लाखांच्या शहरात मेट्रोशिवाय भागवणं अवघड आणि मेट्रोचा खर्च मध्यम शहराला सहसा झेपत नाही, पण त्याला तिची गरजही सहसा नसते.

अर्थात उलटी बाजूही आहे, आणि ती त्याच १९७७ मधली. अमेरिकेतलं यंगस्टाउन १९३० मध्ये १ लाख ७० हजारांचं सुखवस्तू स्टीलचं शहर होतं. सप्टेंबर १९७७ मध्ये एका सोमवारी तिथल्या मोठ्या स्टील कंपनीने कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, जवळपास ५ हजार नोकऱ्या एका घोषणेत गेल्या, पाठोपाठ बाकीचे कारखाने गेले, आणि आज लोकसंख्या ६० हजारांच्या आसपास आहे. आकार योग्य, नोकरी देणारा धंदा मात्र एकच. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सने १९६१ मध्ये हॉवर्डवर टीका केली होती ती याच अंगाने होती, की तुम्ही शहर आधीच ठरवून पॅक करता, नवीन काही उगवायला जागाच ठेवत नाही. मध्यम शहरात नोकरी सुटली तर दुसरी त्याच शहरात मिळते का, हा प्रश्न घर घेण्याआधी विचारावा, बाग किती मोठी आहे ते नंतर बघता येतं.

कोविडनंतर हा प्रश्न काही जणांपुरता सुटला, कारण नोकरी लॅपटॉपमध्ये आली. त्याआधीच, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या साधारण ४ लाखांच्या टल्सा शहरात एका फाउंडेशनच्या पैशातून योजना निघाली, बाहेरची नोकरी घेऊन इथे राहायला या, १० हजार डॉलर घ्या. पण बाहेरचा पगार घेऊन माणसं आली की त्या पगारांवर भाडी ठरायला लागतात, आणि तिथल्या तिथे कमावणाऱ्याचं अवघड होतं. व्हँकुव्हरचं तेच झालं, राहण्यासारखं शहर म्हणून जगभर नाव झालं आणि घरं सामान्य पगारवाल्याच्या हाताबाहेर गेली. आज ज्या रँकिंगच्या बातम्या येतात त्यातल्या ईआययूच्या (इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या) यादीत स्थैर्य, आरोग्य, संस्कृती-पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सोयी मोजतात, राहणीमानाचा खर्च नाही, त्याचा सर्व्हे वेगळा असतो. कारण या याद्यांचा एक मोठा उपयोग म्हणजे कंपनीने परदेशात पाठवलेल्या माणसाला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे ठरवणं, आणि त्याचं घरभाडं बहुतेक वेळा कंपनीच भरते. हॉवर्डचं लेचवर्थ मात्र अजून आहे, ३३-३४ हजार वस्तीचं, आणि तिथल्या बऱ्याच जमिनींची मालकी १९९५ पासून एका फाउंडेशनकडे आहे, भाड्यातून येणारं उत्पन्न ते शहरातच खर्च करतं.